नोंद सापडत नाही

या, अशा जवळ या. त्या खुर्चीत नको, ती डुगडुगते. इथं माझ्या शेजारी बसा. आणि आधी माझी बोलणी खा, चहा नंतर.

तुमच्या कंप्युटरवर लाल अक्षरात पाटी येते, ‘तुमच्या मशीनमध्ये कचरा साठला आहे, आत्ता साफ करा.’ आणि तुम्ही लगेच ते बटण दाबता. का दाबता? रस्त्यात एखादा अनोळखी माणूस आडवा आला आणि म्हणाला, ‘ताई, तुमच्या घरात लई कचरा झालाय, किल्ली द्या, झाडून ठेवतो,’ तर किल्ली द्याल का? नाही ना? चार शिव्या द्याल, वर शेजारणीलाही सांगाल. मग मशीनच्या बाबतीतच एवढा भोळेपणा कुठून येतो? बरं, दाबता ते दाबता, आणि माझ्याकडं येऊन सांगता, ‘आक्का, मी काहीच केलं नाही.’ काहीच न केलेली माणसं माझ्या दुकानात रोज येतात. जिना चढून येतात बिचारी.

झालं. एवढंच बोलायचं होतं. आता चहा घ्या.

इस्लामपुरात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान. पूर्वी तिथं टायपिंगचा क्लास होता, माझाच. मशिनींचा खडखडाट संपला आणि कंप्युटर आले, तेव्हा मी शिकायला कुठं गेले नाही. टाइपरायटर बिघडला की मी झाकण काढून बघत असे, तशीच ह्याही डब्याची झाकणं काढली. शिक्षण म्हणाल तर अकरावी. इंग्रजी मी मशिनीच्या तक्रारी वाचून शिकले, त्यामुळं माझ्या इंग्रजीत ‘नॉट फाउंड’, ‘फेल्ड’ आणि ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ एवढाच साठा. माझी सून म्हणते, आईंचं इंग्रजी कुणालाच होकार देत नाही.

माझ्याकडं सगळं दुरुस्तीला येतं, पण लांबलांबनं माणसं येतात ती एका विशिष्ट दुखण्यासाठी. ते दुखणं आधी समजावून सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आमच्याकडं घरात लग्न निघालं की पूर्वी भांडी शेजारपाजारून गोळा करत. भांड्यांवर नावं घातलेली असायचीच, तरी घरातलं एखादं शहाणं माणूस वही घेऊन बसायचं. पाटलांचं पातेलं परसात, गुरवांच्या दोन पराती माळ्यावर, शिंप्याची कळशी मांडवाच्या कोपऱ्यात. कार्य उरकलं की वही उघडायची आणि ज्याचं त्याला नेऊन द्यायचं. प्रोग्रॅमचं अगदी तसंच असतं. तो मशीनमध्ये येतो तेव्हा आपलं सामान दहा ठिकाणी ठेवतो, आणि काय कुठं ठेवलं ते एका वहीत लिहितो. त्या वहीचं नाव रजिस्ट्री. त्याला काढायची वेळ आली की ती वही बघत बघत तो आपलं सामान उचलतो आणि बाहेर पडतो.

आता त्या वहीचं एखादं पान कुणी फाडलं तर? जुना प्रोग्रॅम काढायला जावं, तर मशीन म्हणतं, ‘नोंद सापडत नाही, काढता येत नाही.’ बरं, राहू दे, नवा घालू म्हणावं, तर म्हणतं, ‘जुना आधीच आहे, तो आधी काढा.’ म्हणजे पाहुणा घरात बसलाय, पण त्याला जेवायला वाढता येत नाही. आणि जा म्हणावं, तर त्याची चप्पल सापडत नाही. माणसं दिवसदिवस त्या दोन पाट्यांच्या मध्ये फिरत राहतात आणि मग माझ्याकडं येतात.

फलटणच्या एका गुरुजींचं असंच झालं होतं. त्यांच्या मशिनीवर पाटी आली, ‘फेटल एरर’. गुरुजींचं इंग्रजी चांगलं. फेटल म्हणजे प्राणघातक हे त्यांना माहीत. त्यांनी घरातली सगळी माणसं अंगणात काढली, मेन स्विच बंद केला आणि शेजाऱ्याच्या फोनवरून मला विचारलं, ‘बाई, किती फुटांवर थांबलेलं बरं?’ मी म्हटलं, ‘गुरुजी, आत जा, त्यात फक्त प्रोग्रॅम मेलाय.’ तर पलीकडून म्हणाले, ‘माणसं सुरक्षित आहेत, एवढं बास.’ मग पोरांना घरात घेतलं. चांगला माणूस. अजून दर वर्षी फोन करतात आणि आधी विचारतात, ‘आज काही प्राणघातक?’

ह्या दुखण्याला दोन औषधं आहेत. एक झटपट. झाडून काढणारं एक साधन मिळतं, ते चालवलं की त्या प्रोग्रॅमचं जे जे दिसेल ते सगळं पुसून टाकतं. मग नवा घालायला मशीन मोकळं. दुसरं औषध किचकट. फाटलेलं पान हातानं परत लिहायचं, ओळ न् ओळ, कानामात्रा न चुकता. पहिल्याला दहा मिनिटं लागतात, दुसऱ्याला कधी दोन दिवसही.

बरीच वर्षं मी पहिलंच औषध द्यायची. आणि त्याची शेखी मिरवायची, हो. दहा मिनिटांत गिऱ्हाईक हसत जिना उतरतंय म्हणजे काय! मग आमच्याच गल्लीतली शकुंतला आली. मशिनीवर भरतकाम करायची. साडीचे काठ, ब्लाउजच्या पाठी. तिच्या सासूनं गोधड्यांवर घातलेली जुनी नक्षी होती, ती तिनं एक एक करून कंप्युटरात उतरवली होती. सासू गेली, गोधड्याही विरल्या, नक्षी तेवढी मशीनमध्ये. प्रोग्रॅम अडकला म्हणून ती माझ्याकडं आली. मी गप्पा मारत मारत झाडू फिरवला. ती नक्षी प्रोग्रॅमच्याच पोटात ठेवलेली होती. मी विचारलंच नाही. दहा मिनिटांत सगळं लख्ख.

शकुंतला रडली नाही, भांडलीही नाही. म्हणाली, ‘असू दे आक्का, आठवतील तशी काढीन.’ पण त्या दिवसापासून मी काही पुसायच्या आधी हात मांडीखाली घेऊन बसते. खरंच, अक्षरशः. गिऱ्हाइकांना वाटतं बाईला थंडी वाजतेय.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते. माणसांची नावं बदलली आहेत, बाकी सगळं घडलं तसं.

नवरात्रातली तिसरी माळ होती. सकाळी मी दुकान उघडून उदबत्ती लावत होते, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. पुढं एक बाई, पन्नाशीच्या, नऊवारी नेसलेल्या, छातीशी गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी. मला वाटलं तान्हं मूल आहे. मागं त्यांचे यजमान. उंच, ताठ, मिशा पिळलेल्या, आणि गळ्याला पांढरी पट्टी. काखेत लहान मुलांची असते तसली पाटी आणि खिशात खडू.

‘कंप्युटरवाल्या आक्का तुमीच व्हय?’ बाईंनी विचारलं.

‘मीच. बसा की.’

‘बसायला न्हाई आलो. ह्यांचा आवाज गेलाय, तेवढा काढून द्या.’ आणि गोधडी सोडली. आत लॅपटॉप.

मी म्हटलं, ‘स्पीकर गेला असंल.’

‘स्पीकर न्हाई वं. ह्यांचा आवाज. ह्यांचा सोताचा.’

मी त्या माणसाकडं पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली.

बाईंचं नाव हौसाताई. दहिवडीच्या पलीकडं, माण तालुक्यातलं गाव. यजमान लष्करातनं हवालदार म्हणून निवृत्त झालेले, सगळं गाव त्यांना हवालदारच म्हणतं. त्यांची लेक इस्लामपुरात दिलेली, तिच्याकडून माझा पत्ता. हवालदारांच्या घशाला गेल्या वर्षी वाईट दुखणं झालं आणि स्वरयंत्र काढावं लागलं. ऑपरेशनच्या आधी दवाखान्यात कुणीतरी त्यांना एक प्रोग्रॅम दिला. कुणा एका हौशी माणसानं बनवलेला, त्याचा आता पत्ता नाही. त्यात पडद्यावर चौकोनी बटणं असतात. प्रत्येक बटणात आपल्या आवाजात एक वाक्य भरून ठेवायचं आणि बटणावर त्याचं नाव घालायचं. पुढं बटण दाबलं की आपलाच आवाज बोलतो.

हवालदारांनी शेरडांच्या गोठ्यात बसून चार दिवसांत दोनशेच्या वर वाक्यं भरली. घरात न बसता गोठ्यात का, तर घरात त्यांची आई होती. आईचे डोळे गेलेले, काळीज नाजूक. डॉक्टर म्हणाले, धक्का द्यायचा नाही. म्हणून दुखण्याचं तिला कुणी सांगितलंच नाही. पोरगा पुण्याला कामाला गेला आणि परत आला, एवढंच तिला ठाऊक.

‘रोज सांजसकाळ ह्ये तिच्या पायथ्याला बसायचं,’ हौसाताई सांगत होत्या, ‘मांडीवर ह्ये मशिन. म्हातारी बोलायची, ह्ये बटण दाबायचं. तिला काय बी कळलं न्हाई बगा. फकस्त म्हणायची, पुण्यासनं आल्यापासनं तेच तेच बोलतुयास, दुसरं काय सुचत न्हाई का रं? आन् मागनं शेरडं वरडत्यात ती बी भरल्याती आवाजात, तर म्हणायची, शेरडं घरात घेतलीस व्हय?’

मला हसू आलं. हवालदारांच्या तोंडाकडं बघून ते थांबलं.

‘मग झालं काय?’ मी विचारलं. ‘कुणी काय दाबलं?’

मग हवालदारांनी पाटी घेतली, एकच शब्द लिहिला आणि बायकोकडं बोट केलं. शब्द होता ‘घट’.

‘व्हय, म्याच केलं!’ हौसाताई एकदम उसळल्या. ‘घट बसायच्या आदी घर धुवायचं असतं का न्हाई? वाकळा धुतल्या, माळे झाडले, पितळ घासलं, उंबऱ्यापासनं देव्हाऱ्यापातूर एक जागा ठिवली न्हाई. आन् त्याच दिशी ह्या मशिनीत लाल पाटी आली, आत कचरा हाय म्हणून. देवी बसायच्या तोंडावर घरात कचरा हाय म्हटल्यावर काय करू? ठिवू तसाच?’

माझी रोजची बोलणी मी तशीच ठेवून दिली. त्या बाईनं जे केलं ते दर वर्षी तिची आई करत आली, सासू करत आली. फक्त धुण्याच्या यादीत एक वस्तू वाढली होती. त्या साफ करणाऱ्या प्रोग्रॅमला हवालदारांच्या प्रोग्रॅमची नोंद ओळखीची वाटली नाही आणि त्यानं ते पान फाडून टाकलं. मग हवालदारांनी प्रोग्रॅम परत घालायचा प्रयत्न केला आणि त्या दोन पाट्यांच्या मध्ये अडकले.

‘किती दिवस झाले?’

‘धा दिस. ह्ये अजून बी जाऊन बसत्यात. सवय हाय न्हवं. खाट हलली की म्हातारी इचारती, कोण हाय? ह्यांनी काय बोलावं? कोण हाय तितं, बोला की, म्हणती. मग ह्ये उठून येत्यात. मी सांगिटलं, तुमचं दादा परत पुण्याला गेल्यात. तर म्हणती, मला न सांगता कसा गेला? भाकरी कमी केलीया तिनं. काल निस्तं ताक पिली.’

हवालदारांनी पाटी पुसली आणि परत लिहिलं. माझ्यापुढं धरली. ‘आवाज आत आहे का?’

मी हात मांडीखाली घेतले.

आधी सगळ्या मशीनची दुसरीकडं नक्कल करून घेतली. मग शोधत बसले. वाक्यं प्रोग्रॅमच्याच कप्प्यात असणार, हे शकुंतलेनं मला शिकवलं होतं. सापडली. दोनशेच्या वर छोट्या फायली, नावं नाहीत, नुसते आकडे. मधलीच एक उघडली.

‘सावधान!’

असा खणखणीत आवाज की खाली पानपट्टीवाल्यानं वर पाहिलं. हवालदार खुर्चीत बसले होते, त्यांची पाठ आपोआप ताठ झाली. हौसाताईंनी पदर डोळ्याला लावला आणि लगेच म्हणाल्या, ‘बगा, ह्ये बी भरून ठिवलंय. घरात कुणाला सावधान करणार हुतं कुणास ठाऊक.’

म्हणजे आवाज होता. झटपट झाडू फिरवला असता तर तो गेला असता.

आता पान लिहायचं. त्यांनी प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर आणला होता. माझ्या एका धडधाकट मशीनमध्ये तो घातला आणि त्यानं वहीत काय काय लिहिलं ते बघितलं. मग त्या ओळी एक एक करून त्यांच्या मशीनमध्ये उतरवल्या. दाबलं. ‘नोंद सापडत नाही.’ परत तपासलं. परत तेच. हवालदार पाटी मांडीवर ठेवून माझ्या बोटांकडं बघत होते. दुपारी कधीतरी ध्यानात आलं, माझ्याकडं प्रोग्रॅम सी ह्या कप्प्यात बसलेला, त्यांच्याकडं डीमध्ये. मी सगळीकडं माझ्याच घरचा पत्ता लिहिला होता. अक्षरं बदलली, दाबलं, आणि बटणांचा पडदा उघडला.

हौसाताईंनी हात जोडले. मी जोडले नाहीत, कारण बटणं कोरी होती. कुठल्या बटणात काय आहे ती नावंसुद्धा त्या फाटलेल्या पानावरच लिहिलेली. ती माझ्या मशीनमध्ये कुठून येणार? ती फक्त हवालदारांनी घातली होती. एक एक वाक्य ऐकून परत नाव घालायला हवं होतं, आणि त्यांना परतीची गाडी गाठायची होती, म्हातारी शेजारणीच्या हवाली होती. मी म्हटलं, ‘तुम्ही व्हा पुढं. परवा मी येते.’

पाचव्या माळेला मी दोन एसट्या बदलून गेले. बोडके माळ, मधूनच बाजरी, आणि रस्ता ओलांडणारी मेंढरं. हौसाताई फाट्यावर उभ्याच होत्या. वाटेत मला पढवून ठेवलं, ‘म्हातारीपुढं मशिनीचं काय बी काडू नगा. तुमी लेकीच्या गावच्या पावण्या.’

आम्ही गोठ्यात बसलो, जिथं हवालदारांनी वाक्यं भरली होती तिथंच. आवाज बारीक ठेवून मी एकेक फाईल लावायची, हवालदार पाटीवर नाव लिहायचे, मी ते कागदावर नंबरानं उतरवायची. पहिलं वाक्य, ‘आई.’ दुसरं, ‘व्हय.’ तिसरं, ‘न्हाई.’ मग ‘बरा हाय मी’, ‘खुर्ची कुणी नेली?’, ‘कांदा जास्ती घाल’. हौसाताई प्रत्येकावर बोलत होत्या. ‘बगा, कांद्याचं भरलं, पर चांगलं झालंय असं एकदा बी न्हाई.’ हवालदारांनी पाटीवर लिहिलं, ‘जागा संपली.’

एका नंबरला नुसता खोकला होता. कोरडा, लांब. त्या दिवसांतला. हौसाताई म्हणाल्या, ‘ह्यो नगं. ह्येचं नाव नगा लिवू.’ मी ते गाळून पुढं गेले.

मग आलं, ‘आयला, ह्या शेळीनं परत टॉवेल खाल्ला का!’ आणि मागं खरीच शेळी ओरडलेली.

‘ह्ये कशाला भरलं वं?’ हौसाताईंनी कपाळावर हात मारला.

पाटीवर उत्तर आलं, ‘रोज लागतं.’

त्याच्या पुढचं, ‘जेवलीस का?’ त्याच्या पुढचं, ‘दवा घेतलीस का?’ असं करत दुपार टळेपर्यंत सगळी नावं झाली. मी ती प्रोग्रॅममध्ये भरली आणि हवालदार लॅपटॉप घेऊन उठले. त्यांनी आधी तोंड धुतलं, मिशा नीट केल्या. आईला दिसत नव्हतं तरी.

बाहेरच्या सोप्यात म्हातारी खाटेवर कुशीला झाली होती. मूठभर जीव. उशाला ताकाचा पेला तसाच. हवालदार पायथ्याशी बसले. खाट हलली.

‘कोण हाय?’

त्यांनी बटण दाबलं. ‘आई.’

म्हातारीनं नुसता हात पुढं करून चाचपला, गुडघा सापडला, तो धरून ठेवला. ‘आलास व्हय रं?’

‘व्हय.’

‘मला न सांगता गेल्तास?’

‘न्हाई.’

मी दाराशी उभी, हौसाताईंनी माझं मनगट घट्ट धरलेलं. हवालदारांनी ‘जेवलीस का?’चं बटण शोधलं आणि दाबलं.

‘आयला, ह्या शेळीनं परत टॉवेल खाल्ला का!’

हवालदारांचं बोट हवेतच राहिलं. मला त्या क्षणी कळलं. खोकल्याचं नाव मी गाळलं, पण खोकला मशीनमध्ये जागेवरच होता. तिथून पुढचं प्रत्येक नाव एका घरानं अलीकडं सरकलं होतं. जन्मभर टायपिंग शिकवलेल्या बाईनं, मुलींना ओळ गाळली म्हणून पट्टी दाखवणाऱ्या बाईनं, एक ओळ गाळली होती.

आणि म्हातारी हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग खोकत, डोळ्यांतनं पाणी काढत ती हसत राहिली. ‘खाल्ला का परत? त्यो निळा का? अरं, वाळत घालायचं तर उंच घालावं!’

हवालदारांना काय करावं कळेना. चूक सावरायची म्हणून त्यांनी घाईनं पुढचं बटण दाबलं, ‘दवा घेतलीस का?’ आणि आतून आलं, ‘जेवलीस का?’

‘न्हाई जेवले,’ म्हातारी म्हणाली. ‘एवढे दिस कुणाबर जेवू? आता बोलला बग माझा दादा. सालभर सगळं पावण्यासारखं बोलत हुतास, बरा हाय मी, बरा हाय मी. शेळीवर वरडलास तवा वाटलं, आला घरी.’ मग दाराकडं तोंड करून, ‘हौसे, ताक काड इथनं. भाकरी आण.’

हौसाताईंनी माझं मनगट सोडलं आणि स्वयंपाकघरात पळाल्या. भांडी वाजायला लागली, गरजेपेक्षा जरा जास्तच.

म्हातारी भाकरी खात होती तेवढ्यात मी लॅपटॉप गोठ्यात नेला आणि यादी सरळ केली. खोकल्याला त्याची ओळ दिली. हवालदार मागून आले. मी म्हटलं, ‘चुकलं माझं. माफ करा.’ त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘शेळीचं बटण आईच्या शेजारी ठेवा.’ मी ते उचलून पहिल्या ओळीत घातलं, ‘आई’च्या लागून. मग ते बराच वेळ पाटीवर काहीतरी लिहीत आणि पुसत राहिले. शेवटी मला दाखवलंच नाही, नुसते हात जोडले.

खरं सांगू? माझ्या हातून चांगली झालेली कामं पुष्कळ आहेत, पण बोलायला बसले की हेच आठवतं, ज्यात मी चुकले. त्या माणसानं आईसाठी सगळी शहाणी, गोड वाक्यं पुढं ठेवली होती, आणि तिला हवा होता तो शेळीवर ओरडणारा. हे कुठल्या वहीत सापडणार होतं? आणि शकुंतलेची ती नक्षी मात्र नाही ती नाहीच. प्रत्येक चूक अशी हसून माफ होते असं नाही.

सहाची गाडी होती. मी म्हातारीच्या पाया पडले. म्हटलं, ‘येते, आजी. लेकीच्या गावची आहे मी, सहज आले होते.’

तिनं माझा हात हातात घेतला, टायपिंगनं घट्टे पडलेली बोटांची टोकं एक एक करून चाचपली आणि मान हलवली. हौसाताई ओट्यावर परात धूत होत्या. हवालदार दारात उभे होते, लॅपटॉप काखेत मिटलेला.

‘लवकर या, बाई,’ म्हातारी हळूच म्हणाली, फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. ‘दादाची बोलती पेटी बिघडायची वाट नगा बघू.’